चित्रातल्या मुंगीला पाय किती?

प्राण्यांच्या साहाय्याने गणित-विज्ञान शिकवणारी चित्रमय पुस्तके आता पेण-रोह्याच्या घरांतही दिसू लागली आहेत. ससा बेरीज करतो, अस्वल घड्याळ शिकवते, मधमाशी षटकोन समजावते. मूल हसत शिकते म्हणून आपणही खूश होतो. पण एक प्रश्न विचारायचा राहून जातो. मुलाला शिकवण्यासाठी मुक्या जिवाविषयी खोटे सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे का?

आपल्या काही घरांत प्रश्न याच्याही आधी सुरू होतो. सजीवांची चित्रे मुलांच्या हाती द्यावीत की नाहीत? यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. मात्र अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहातला एक प्रसंग लक्षात ठेवावा असा आहे. हजरत आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्यांमध्ये चिंध्यांचे पंख लावलेला एक घोडा होता. घोड्याला पंख कसे, असे पैगंबरांनी (स.) विचारले. हजरत सुलैमान यांच्या घोड्यांना पंख होते हे तुम्ही ऐकले नाही का, असा त्यांनी उलट प्रश्न केला आणि पैगंबर (स.) मनमोकळे हसले. मुलाच्या कल्पनेवर इथे डोळे वटारलेले नाहीत.

तेव्हा प्राणी बोलू लागला म्हणून काही बिघडत नाही. पंचतंत्रातल्या कथा आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा यांनी ‘कलीला व दिम्ना’ या नावाने अरबीत आणल्या. त्यातले कोल्हे दरबारी राजकारण बोलतात. ते मुखवटे आहेत हे वाचणाऱ्याला ठाऊक असते. विज्ञानाच्या पुस्तकात मात्र प्राणी मुखवटा नसतो, तो साक्षीदार असतो. चित्रातल्या मुंगीला दोन हात, दोन पाय आणि चपला काढल्या, तर तीन मुंग्यांचे पाय मोजणारे मूल बारा म्हणेल. खरे उत्तर अठरा आहे. सूरह नम्लमधली मुंगीही बोलते. पण ती बोलते मुंगीच्या काळजीचे! आपापल्या बिळांत शिरा, नाहीतर सुलैमानांचे लष्कर नकळत आपल्याला तुडवील. ती बोलूनही मुंगीच राहते.

खोट्या साक्षीचे नुकसान केवळ पायांच्या हिशेबापुरते नसते. याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. पेणच्या शेजारच्या अलिबाग तालुक्यात, किहीमला, 1930 च्या पावसाळ्यात डॉ. सालिम अली यांनी सुगरण पक्ष्याच्या वसाहतीचे बारकाईने निरीक्षण केले आणि 1931 मध्ये ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. आपल्या भाषेने या पक्ष्याला स्त्रीचे नाव दिले आहे. पिलांसाठी खोपा विणणारी आई, हेच चित्र बहिणाबाईंच्या कवितेपासून आपल्या मनात पक्के आहे. कवितेत ते शोभते. प्रत्यक्षात खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झाला की मादी येते आणि तो पारखून घेते. तिला पसंत पडला तर ती राहते. मग नर तो पुरा करतो आणि दुसरा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. पिलांना भरवण्याचे काम बहुतेक मादीवरच पडते.

आता पाहा. जुन्या चित्रावरून मुलीला सांगितले जाते, बघ, पाखरूसुद्धा घरासाठी राबते, तू सुगरण हो. नवे ज्ञान हाती आल्यावर उद्या कोणी म्हणेल, नराला अनेक माद्या, हाच निसर्गाचा कायदा! आपल्या समाजात असा दाखला कुठल्या वादात ओढला जाईल हे सांगायला नको. दुसरा म्हणेल, मादी पारखून होकार देते, तेव्हा निकाहातल्या मुलीच्या संमतीला पाखराचाही आधार आहे. ही गोष्ट मला पटणारी असली तरी तिचा आधार पाखरात शोधू नये. मुलीची संमती हवी, कारण ती माणूस आहे. सुगरणीचा नर फक्त सुगरणीविषयी साक्ष देतो. आपल्या बऱ्यावाईटाचा निवाडा अक्कल दिलेल्या माणसालाच करावा लागतो. तो पाखरावर ढकलणे म्हणजे जबाबदारी टाळणे.

सूरह अनआममध्ये (6:38) जमिनीवरचे प्राणी आणि उडणारे पक्षी यांना तुमच्यासारख्याच उम्मती म्हटले आहे. त्यांचे स्वतःचे जगणे आहे. ते आपल्या धड्याची सोय म्हणून जन्माला आलेले नाहीत. ही जाणीव असलेली पुस्तके आपल्याकडे झाली आहेत. जमाल आरा यांनी मुलांसाठी लिहिलेले पक्षिनिरीक्षणाचे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने 1970 मध्ये काढले. एका मुस्लिम स्त्रीने मुलांना पाखराकडे पाखरू म्हणून पाहायला शिकवले, हे आपल्या मुलींना सांगायला हवे.

पेणजवळ धरमतरची खाडी आहे, रोह्यात कुंडलिका आहे. चिंबोरीच्या दोन नांग्या आणि आठ पाय मिळून दहा, ही बेरीज इथल्या मुलाला पुस्तकाबाहेरही पडताळता येते. पुस्तकातली चिंबोरी खुशाल गाणे म्हणो, पण तिचे पाय दहाच असोत. मूल आपल्यावर विश्वास ठेवते. हा विश्वास अमानत आहे. आणि जो जीव स्वतःची बाजू मांडू शकत नाही, त्याच्याविषयीचे सत्य हीदेखील अमानतच आहे.