पुसलेले वाक्य

गेल्या पावसाळ्यात वडिलोपार्जित घराच्या वाटणीसंबंधी बडोद्याला दादांना पत्र लिहायला बसलो. संगणक मुलीचा, ती प्रोग्रॅम लिहिते. तिच्या 'व्हीएस कोड' या संपादकातच मी टंकू लागलो. रागाच्या भरात लिहून गेलो : 'आई आजारी होती तेव्हा तुम्ही कुठे होतात, दादा?' वाचून स्वतःचीच लाज वाटली. वाक्य पुसले आणि संगणक तसाच ठेवून झोपलो. सकाळी एक चूक मागे घ्यायला कंट्रोल आणि झेड ही बटणे दाबत गेलो, तो ते वाक्य पुन्हा समोर उभे!

शाळेत असताना पाटी ओल्या फडक्याने पुसली की अक्षर कायमचे जाई. मुलगी हसून म्हणाली, "बाबा, इथं पुसलेलं नाहीसं होत नाही."

तिने मला 'पीस टेबल' म्हणजे तुकड्यांच्या यादीची रचना समजावली. कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात 1974 साली बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी केलेल्या 'ब्राव्हो'त ती होती. 2018 साली व्हीएस कोडने तिचेच सुधारलेले रूप घेतले. मूळ मजकूर एका कोठारात असतो, त्याला हात लावायचा नाही. नवे टंकलेले दुसऱ्या कोठारात, नेहमी शेवटी जोडायचे. कोणत्या कोठारातून, कुठून, किती अक्षरे घ्यायची, याची एक यादी असते. त्या क्रमाने पडद्यावर मजकूर दिसतो. मधले वाक्य पुसले की फक्त यादीतून वगळले जाते. कोठारात ते असतेच. बदलांची नोंदही वेगळी ठेवलेली असते, म्हणून मागे जाता येते.

ते ऐकून मी अस्वस्थ झालो. वाक्य वगळून धाडलेले पत्र खोटे ठरेल काय? क्षमा म्हणजे पाटी कोरी करणे, असे आपण धरून चालतो आणि 'विसरता येत नाही, मग क्षमा कशी करू?' ही सबब सांगतो. पण दादा आले नाहीत, हे मूळ कोठारातले. ते बदलणे कोणाच्याच हाती नाही. हाती आहे ती यादी.

मात्र यादी लबाडीनेही बदलता येते. ज्याच्या हातून चूक झाली त्यानेच तो तुकडा गाळला, तर ती लपवाछपवी. ज्याने सोसले त्याने तो जाणूनबुजून गाळला, तर ती क्षमा. इथे सोसले कोणी? रात्री मी जागलो खरा; पण दाराकडे डोळे लावून होती ती आई. तिने अखेरपर्यंत दादांविषयी तक्रारीचा एक शब्द काढला नाही. तिने वगळलेले पुन्हा ओवण्याचा अधिकार मला कुणी दिला?

त्या वाक्याविना पत्र टपालात टाकले. फाइल बंद केली की संपादकाचे ते कोठार रिकामे होते, असे मुलगी सांगते. माझे अजून झालेले नाही. दादांचे उत्तर आले की ते वाक्य वर येते, आणि मला ते पुन्हा वगळावे लागते.