दुसऱ्याच्या जागेतलं कलम

रत्नागिरीतल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात एक वरिष्ठ लिपिक होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत. परीक्षेचे अर्ज, शिष्यवृत्त्या, विद्यापीठाशी होणारा पत्रव्यवहार, सारं त्यांच्याकडे असे. तिथेच वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. भाट्याच्या खाडीतल्या कांदळवनांच्या नोंदी त्या वर्षानुवर्षं ठेवत आल्या होत्या. दोघांच्या कामात खोट काढायला जागा नव्हती. तरी दोघांच्या हातून चूक झाली, आणि ती एकच चूक होती, फक्त उलट्या बाजूंनी केलेली.

भाऊंची चूक चांगुलपणातून आली. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. तयारी अपुरी पडली, निकाल रखडत गेले, आणि पुढचा प्रवेश गाठायची घाई असलेली मुलं हवालदिल झाली. त्याच ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. पण ते पुढचं झालं. त्या पावसाळ्यात रत्नागिरीच्या पोरांनी मुंबईत कलिन्याला, विद्यापीठात, किती खेटे घालायचे? महाविद्यालयाच्या ईमेल खात्याचा पासवर्ड एकाच माणसाकडे होता आणि तो माणूस पाचला घरी जाई. मग भाऊंनी मुलांना स्वतःचा जीमेलचा पत्ता देऊन टाकला. ‘कधीही लिही रे, मी बघतो.’ आणि ते खरंच बघत. रात्री जेवण झाल्यावर बघत, गणपतीच्या सुट्टीतही बघत. निकाल लागले, अडचण सरली, पण पत्ता तोच राहिला. हळूहळू सरकारी कार्यालयंही त्याच पत्त्यावर पत्रं पाठवू लागली, कारण उत्तर तिथूनच येई.

मॅडमचं उलटं. त्यांनी महाविद्यालयाने दिलेल्या खात्यातच घर थाटलं होतं. बँक, विमा, वीजबिल, प्राप्तिकराचं विवरण, मुलीच्या शाळेची पत्रं, सगळीकडे तोच पत्ता. कुठल्याही नव्या संकेतस्थळावर नाव नोंदवायचं झालं की ‘गूगलने साइन इन’ची कळ दाबायची आणि मोकळं व्हायचं. कांदळवनांचे फोटो आणि नोंदी त्याच खात्याच्या ड्राइव्हवर होत्या. सासरे पावस गावी बागायत करायचे. हंगामातल्या आंब्याच्या गिऱ्हाइकांची यादीही सूनबाईंच्या त्याच खात्यात.

मग बदल आला. गूगल तोवर शिक्षणसंस्थांना अमर्याद जागा फुकट देत असे. २०२१ साली त्यांनी जाहीर केलं की जुलै २०२२ पासून एका संस्थेला मिळून १०० टेराबाइटच मिळतील. देशभरातल्या संस्थांनी साफसफाईला सुरुवात केली. या महाविद्यालयानेही नवी व्यवस्था घेतली. मे महिन्यात सूचना लागली: जुनी खाती बंद होणार, ज्याने त्याने आपापलं बघावं. भाऊ त्याच महिन्याच्या अखेरीस निवृत्त झाले आणि मुलाकडे डोंबिवलीला राहायला गेले.

नव्या व्यवस्थेने आपलं काम चोख केलं. जुन्या खात्यांतली पत्रं जशीच्या तशी नव्यात आली. पण भाऊंचं काम महाविद्यालयाच्या खात्यात कधी नव्हतंच. जे तिथे नव्हतं, ते येणार कुठून?

मॅडमनी सूचना वाचली तेव्हा हापूसच्या पेट्या भरायची गडबड होती. जूनमध्ये खातं बंद झालं आणि मग एकेक दार लागत गेलं. बँकेचा पत्ता बदलायचा तर पडताळणीचा संकेत जुन्याच पत्त्यावर जायचा. विम्याच्या संकेतस्थळावर त्यांची ओळखच त्या खात्याची होती. महाविद्यालयाच्या नावाचं काम नव्यात आलं. खाडीच्या नोंदी वैयक्तिक फोल्डरमध्ये होत्या, त्या आल्या नाहीत. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘दुसऱ्याच्या जागेत कलम लावलंस गो. खत-पाणी तू घातलंस, पण जागा त्यांची होती.’

कोकणात हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मॅडमचं नुकसान त्यांचं त्यांनी सोसलं. भाऊंच्या बाबतीत तसं झालं नाही, आणि मला ही गोष्ट सांगावीशी वाटते ती त्यामुळे. संगमेश्वरकडच्या एका गावातली मुलगी दुसऱ्या वर्षाला होती. वडील चिऱ्याच्या खाणीवर. जिल्ह्याच्या कार्यालयाकडून शिष्यवृत्तीच्या यादीची पडताळणी मागणारं पत्र आलं; तिच्या उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल विचारणा होती. पत्र भाऊंच्या पत्त्यावर गेलं. मग स्मरणपत्र, तेही तिथेच. निवृत्तीनंतर भाऊ क्वचितच ईमेल उघडत. मुदत गेली. मुलगी कार्यालयात येऊन विचारायची, नवीन लिपिक नवीन खातं उघडून दाखवायचे, ‘बघ, काही आलेलं नाही.’ ते खोटं बोलत नव्हते. हप्ता अडकला, वसतिगृहाचे पैसे थकले, आणि ती रोज एसटीने जाऊन-येऊन करू लागली. पहाटे निघायची, परतताना अंधार.

शेवटी कुणीतरी भाऊंना फोन लावला. जाहिरातींच्या ढिगात त्यांना ती पत्रं सापडली. दुसऱ्याच दिवशी ते कोकण रेल्वेने आले आणि नव्या लिपिकाशेजारी खुर्ची घेऊन बसले. त्यांच्या ईमेलच्या पेटीत शेकडो मुलांचे आधार, जातीचे दाखले, गुणपत्रिका होत्या. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली आला. पण परक्याच्या मुलीचे कागद आपल्या फोनमध्ये ठेवू नयेत, हे कळायला कायद्याची वाट बघायला नको होती, असं भाऊ स्वतःच म्हणाले. भारत सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना २०१५ च्या धोरणातच बजावलं होतं की सरकारी काम सरकारी ईमेलवरूनच करावं. अनेक महाविद्यालयांत ती शिस्त ज्याच्या त्याच्यावर सोडलेली असते.

त्यानंतर तिथे पत्ते माणसांच्या नावाने न ठेवता कामाच्या नावाने केले: शिष्यवृत्ती, परीक्षा, प्रवेश. प्रत्येक पेटी दोघांना उघडता येते. एक रजेवर गेला तरी दुसरा बघतो. भाऊंनी आपल्या जुन्या पत्त्यावर आपोआप उत्तर लावलं, त्यात नवा पत्ता दिला, आणि मुलांची पत्रं महाविद्यालयाकडे सोपवून स्वतःच्या पेटीतून काढून टाकली. मॅडमनी स्वतःचं वेगळं खातं उघडलं, बँकेपासून वीजबिलापर्यंत एकेक पत्ता बदलला, खात्याला स्वतःचा मोबाइल जोडला. कांदळवनांच्या नोंदी त्या आता महाविद्यालयाच्या खात्यात ठेवतात आणि दर सत्राला एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतात. जुन्या नोंदींपैकी वहीत होत्या तेवढ्याच उरल्या. संगमेश्वरकडच्या त्या मुलीचा त्या वर्षीचा शिष्यवृत्तीचा हप्ता मात्र मिळाला नाही.

तुम्ही शाळेत, महाविद्यालयात, पंचायतीत कुठेही कारकुनी करत असाल, तर आज एवढं बघा: लोकांच्या कामाची पत्रं तुमच्या घरच्या पत्त्यावर येतात का? येत असतील तर व्यवस्था बदलायची सूचना लागेपर्यंत थांबू नका. या आठवड्यातच तो पत्ता बदलून घ्या.