मालकाच्या रकान्यात कोणाची सही?

एखाद्या वस्तूचा मालक कोण, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी उगीच अवघड करून ठेवला आहे. आम्हां बँकवाल्यांना तो सोपा. खात्यावर ज्याचे नाव, त्याचा पैसा. बावीस वर्षे मी दुसऱ्यांच्या नोटा मोजतो आहे. मोजणाऱ्याची मालकी होत नाही, एवढे ज्ञान पगाराबरोबर फुकट मिळाले.

पण खात्यावर नावच नसेल तर?

‘वुई शॅल ओव्हरकम’ हे गाणे घ्या. आपल्याकडे गिरिजाकुमार माथुरांच्या हिंदी रूपात ते शाळाशाळांतून म्हटले जाते. गणिताच्या पेपराआधी जरा जास्तच भक्तीने. मूळ अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चसंगीतातले. १९४५-४६ साली साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनला तंबाखू कारखान्यातल्या बायकांनी ते संपात म्हटले. तिथून ते टेनेसीतल्या हायलँडर शाळेत झिल्फिया हॉर्टनबाईंकडे, त्यांच्याकडून पीट सीगरकडे, आणि पुढे मोर्चांतून जगभर गेले. इतक्या हातांतून फिरलेली नोट आम्ही मळकी म्हणून बाजूला काढतो. गाणे मात्र हाताळल्याने उजळते.

१९६० आणि १९६३ साली त्यावर कॉपीराइटची नोंद झाली. नावे लागली हॉर्टन, सीगर, गाय कॅरावन आणि फ्रँक हॅमिल्टन यांची. लगेच ‘चोर, चोर’ म्हणू नका! या मंडळींनी रॉयल्टी घरी नेली नाही. ती एका फंडात जाई आणि दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या कामांना मिळे. सीगर यांचे म्हणणे असे, की आपण नोंद केली नसती तर सिनेमावाल्यांनी गाण्याचा पोरखेळ केला असता.

२०१६ साली प्रकरण कोर्टात गेले. तुम्ही नवे काय केले, असे पाहू जाता ‘विल’चे ‘शॅल’ आणि ‘डाउन’चे ‘डीप’ असले फरक निघाले. सप्टेंबर २०१७ मध्ये न्यायाधीश डेनिस कोट यांनी पहिल्या कडव्यापुरता निकाल दिला, की एवढ्याने मालकी येत नाही. बरोबरच आहे. चेकवर खाडाखोड करून सही ठोकणारे मी पुष्कळ पाहिले. पण एक शब्द बदलला म्हणून खातेच आपले, असे म्हणायची हिंमत त्यांतल्या एकालाही झाली नाही. जानेवारी २०१८ मध्ये तडजोड झाली आणि गाणे सर्वांचे झाले.

मला हे पटते. तरी हिशेबात चार आणे कमी पडतात. आता या गाण्यावर कोट्यवधींचा सिनेमा काढणारा त्या फंडाला पैसुद्धा देणे लागत नाही. मग बरे काय? चांगल्या हातातली खोटी मालकी, की कोणाच्याही हातातले खरे स्वातंत्र्य?

आमच्याकडे दहा वर्षे कोणी न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या फंडात जाते. तिथे ती सांभाळतात. पण नाव ठेवीदाराचेच राहते. उद्या वारस उगवला तर त्याला ती मिळते. गाण्याचे घोडे इथेच अडले. सांभाळणे योग्यच होते. सांभाळणाऱ्यांनी मालकाच्या रकान्यात सही करायला नको होती. आजचा विश्वस्त सज्जन, कबूल. उद्याच्याची हमी कोण देणार?

राहता राहिले ते चार आणे. सिनेमावाले म्हणतील, कायद्याने देणे नाही. खरे आहे. पण कायद्याने नसलेले देणेही देता येते. त्याची छापील स्लिप आमच्याकडे नाही. कोऱ्या कागदावर चालेल.