समर्पण आणि बाकी

कार्याला आयुष्य वाहून घेणाऱ्या माणसाविषयी लिहिताना मराठी चरित्रकार 'त्याग' हा शब्द सहजपणे योजतात. तो योजताना एक गृहीत नकळत स्वीकारले जाते: जे दिले गेले ते देणाऱ्याच्या एकट्याच्या मालकीचे होते. परंतु संसारी माणसाचा वेळ, मिळकत आणि लक्ष यांवर इतरांचाही न्याय्य हक्क असतो. म्हणून आत्मसमर्पणात अर्पण होणारा 'आत्मा' नेमका कितीजणांचा, हा प्रश्न नैतिक आहे; आणि त्याचे उत्तर त्या आयुष्याची कथा कोण सांगतो यावर अवलंबून असल्यामुळे तो साहित्यविचाराचाही प्रश्न आहे.

धोंडो केशव कर्वे यांचे 'आत्मवृत्त' (१९१५) आणि आनंदीबाई कर्वे यांचे 'माझे पुराण' (१९४४) या दोन संहिता शेजारी ठेवल्या असता हा प्रश्न मूर्त होतो. पहिल्या संहितेचा कणा संस्थेच्या वाढीचा आहे. १८९१ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन, १८९३ मध्ये विधवा गोदूबाईंशी (त्याच पुढे आनंदीबाई) विवाह, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना, पुढे आश्रमाचे हिंगण्याला स्थलांतर, १९०८ मध्ये निष्काम कर्ममठ, असा तो क्रम आहे. दिवसभराचे अध्यापन आटोपून पुण्याहून हिंगण्यापर्यंत पायी जाणारे कर्वे ही पुढे सार्वजनिक स्मृतीतील एक प्रतिमाच झाली. दुसऱ्या संहितेत त्याच काळाची मागची बाजू दिसते. मुलांचे संगोपन आणि तुटपुंज्या पैशांत चालवायचे घर यांचा भार तेथे निवेदनाच्या केंद्रस्थानी येतो. कुटुंबाचा आधार म्हणून घेतलेली आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या स्वाधीन झाली, तेव्हा दान देणारा एक होता; अनिश्चितता मात्र साऱ्या घराच्या वाट्याला आली.

शीर्षकेही येथे बोलकी आहेत. 'वृत्त' म्हणजे जे घडले ते आणि आचरणही. त्या शब्दात नोंदीचा अधिकार गृहीत आहे. 'पुराण' हा शब्द मात्र व्यवहारात लांबण लावणाऱ्या, ऐकणाऱ्याला कंटाळा आणणाऱ्या कथनासाठी वापरला जातो. आपली कहाणी सार्वजनिक इतिहासात जमा होण्याजोगी नाही, हा संभाव्य आक्षेप आनंदीबाईंनी जणू शीर्षकातच मान्य करून टाकला आणि मग निःसंकोचपणे सारे सांगितले. किमतीचा हिशेब प्रतिष्ठित वाङ्मयप्रकारात मावत नाही; तो विनोदाच्या, तक्रारीच्या आणि घरगुती बोलीच्या आश्रयाने येतो, हे त्यातून सूचित होते.

तथापि आनंदीबाईंना केवळ पीडितेच्या भूमिकेत बसविणे हा वाचनाचा आळस ठरेल. त्या स्वतः बालविधवा होत्या. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या होत्या. ज्या दुःखावर आश्रम हा उपाय होता ते त्यांनी भोगले होते, आणि पुढे संस्थेसाठी वर्गणीही त्यांनी गोळा केली. त्यांची तक्रार कार्याच्या विरोधकाची नसून सहभागी स्त्रीची आहे. जनमताचा पाठिंबा टिकावा म्हणून कर्व्यांनी आश्रम पुनर्विवाहाच्या प्रचारापासून जाणीवपूर्वक वेगळा ठेवला. परिणामी, ज्या विवाहाने कर्व्यांच्या सुधारकी आयुष्याला आरंभ झाला त्यातील पत्नीचेच सान्निध्य विधवांच्या आश्रमाला अवघड ठरावे, असा पेच निर्माण झाला. हे धोरण व्यवहारतः समर्थनीय असेल. पण त्याची किंमत ते ठरविणाऱ्याने भरलेली नाही.

'निष्काम' या संज्ञेची मर्यादा येथे उघड होते. फलत्याग कर्त्याला करता येतो. कर्माचे परिणाम ज्यांच्या वाट्याला येतात त्यांच्या वतीने तो करता येत नाही. निःस्वार्थता हा कर्त्याच्या हेतूचा गुण आहे, इतरांवर पडणाऱ्या भाराचे ते उत्तर नव्हे. उलट, हेतू जितका शुद्ध तितके तक्रार करणारे माणूस क्षुद्र भासू लागते, आणि हा अन्याय स्वार्थी माणसाच्या घरात घडत नाही.

बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ मध्ये नैतिक दैवाची मीमांसा करताना कलेसाठी कुटुंब सोडणाऱ्या चित्रकाराचे, गोगँचे, उदाहरण घेतले. अशा निर्णयाचे समर्थन झालेच तर यशानंतर, मागे वळून पाहतानाच होऊ शकते. मात्र ज्यांना झळ लागली त्यांनी ते समर्थन मान्य केलेच पाहिजे असे नाही, हा त्यांच्या मांडणीतील महत्त्वाचा मुद्दा. कर्वे घर सोडून गेले नाहीत, आणि त्यांचे कार्य कलेसारखे व्यक्तिगत सिद्धीचे नव्हते. १९१६ चे महिला विद्यापीठ आणि १९५८ चे 'भारतरत्न' यांनी त्यांची निवड यशस्वी ठरविली. तरीही विल्यम्स यांचा मुद्दा ढळत नाही. हजारो स्त्रियांना शिक्षण मिळाले, म्हणून एका स्त्रीवर न विचारता टाकलेला भार विचारून टाकलेला ठरत नाही. पहिली गोष्ट दुसरीपेक्षा मोठी आहे, एवढेच म्हणता येते.

मराठीत 'बाकी' या शब्दाचे दोन अर्थ आहेत: वजाबाकीनंतर उरलेले आणि अद्याप फेडायचे राहिलेले. समर्पित आयुष्यांच्या मूल्यमापनात पहिला अर्थ पुरेसा मानण्याची सवय समीक्षेला जडली आहे. लाभातून हानी वजा करावी आणि उरलेल्याला थोरवी म्हणावे. 'माझे पुराण' दुसरा अर्थ जागा ठेवते. ते कर्व्यांची थोरवी खोडत नाही. फेड करू शकणारी कोणतीही थोरवी नसते, एवढेच दाखवते. म्हणूनच 'आत्मवृत्ता'चे पूरक वाचन म्हणून ते तळटीपेत ढकलणे ही वाङ्मयीन निवड दिसली, तरी प्रत्यक्षात तो एक नैतिक निवाडा असतो.