अर्धी ओंजळ

विषय लहान मुलांच्या खाऊचा आहे. तो ह्या अंकात कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणू द्यावे. श्रेय आणि प्रेय ह्यांचा झगडा कठोपनिषदात आहे हे आम्ही पाठशाळेत घोकले. तोच आमच्या स्वयंपाकघरात साखरेच्या डब्यापाशी उभा आहे, हे मात्र गेल्या कार्तिकात कळले.

झाले असे. नातीला सहा वर्षे पूर्ण व्हायची होती. सूनबाईने जाहीर केले की यंदा वाढदिवसाला साखर नाही. केक नाही, चॉकलेट नाही, रंगीत पाण्याच्या बाटल्या नाहीत. माझा पारा चढला. म्हटलं, "औक्षण झाल्यावर पोरीच्या हातावर काय ठेवायचं? मीठ?" ती शांतपणे म्हणाली, "आबा, औक्षणाची चिमूटभर साखर कोण मोजतंय? मी पुढचं मोजते आहे."

आणि तिने मोजलेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की वरून घातलेल्या साखरेचा वाटा दिवसाच्या आहारशक्तीच्या १० टक्क्यांच्या आत असावा, ५ टक्क्यांच्या आत आला तर अधिक बरे. हे ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला सुमारे २५ ग्रॅम, सहा चमचे. आता ३०० मिलिलिटरच्या एका गोड पेयाच्या बाटलीतच सुमारे ३० ग्रॅम साखर असते. म्हणजे केकवर सुरी पडण्याआधीच लेकराने मोठ्या माणसाची दिवसभराची साखर संपवलेली असते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ साली आपल्या शाळांना साखरेचे प्रमाण सांगणारे फलक लावायला सांगितले, तेही ह्याच काळजीने. हिशेब बिनचूक होता. मला उत्तर सुचेना.

एक गोष्ट मात्र मी खोडली. साखरेने पोरे पिसाळतात, असेही ती म्हणाली. ते तपासणीत टिकलेले नाही. अशा अनेक प्रयोगांचा १९९५ साली एकत्र विचार झाला, तेव्हा साखरेने मुलांचे वागणे बिघडते असे दिसले नाही. वाढदिवसाला पोरे नाचतात ती वाढदिवस असतो म्हणून. चांगल्या कामाला खोटे कारण कशाला जोडावे?

उत्तर शोधायला मी पोथी काढली. वर्धापनविधी पाहिला. मार्कंडेयाचे पूजन, अश्वत्थामादी सात चिरंजीवांचे स्मरण, हे ठाऊक होतेच. पुढे वर्ज्य गोष्टी दिल्या आहेत : नखे-केस कापू नयेत, प्रवास करू नये, हिंसा नको, आणि कलह नको. कलह हा शब्द वाचला आणि पोथी मिटावीशी वाटली. घरात तीन दिवस तोच चालला होता. पण त्याच विधीत शेवटी प्राशन सांगितले आहे. तीळ आणि गूळ घातलेले दूध, अर्धी ओंजळ. म्हणजे शास्त्राने गोड ठेवले, पण माप सांगून ठेवले. दुधाला ओंजळीचे माप लावणारे ते लोक आपल्यापेक्षा अरसिक होते असे मला वाटत नाही.

मी हे सांगितल्यावर सूनबाई खुलली. म्हणाली, "मग गुळाचाच केक करते. मध घालते, खजुराचा पाक घालते. साखरविरहित!" इथे मला बोलणे भाग पडले. बाई ग, गूळ काय निराळ्या झाडाचा? ऊस तोच, कढई वेगळी. शरीर डब्यावरची चिठ्ठी वाचत नाही. आरोग्य संघटनेने मध आणि फळांचा काढलेला रसही साखरेच्याच खात्यात धरला आहे. अखंड फळ आणि दूध तेवढे बाहेर ठेवले आहे. (उसावर माझा राग नाही. तुकोबारायांची पालखी अकलूजकडे जाते ती उसाच्या मुलखातूनच, आणि त्या उसावर हजारो घरे जगतात.) थोडा गूळ द्यायचा तर "थोडा गूळ आहे" असे म्हणून द्यावा. भरपूर गूळ घालून "साखर नाही" म्हणणे म्हणजे मुलाला पहिला धडा शब्दच्छलाचा देणे.

आता खरा प्रश्न. मुलाच्या तोंडचा गोड घास काढून घेण्याचा मोठ्यांना अधिकार काय? नचिकेतापुढे यमाने किती प्रलोभने मांडली! त्याने ती नाकारली, पण ती त्याने स्वतः नाकारली. समोरचे ताट दुसऱ्याने उचलले असते तर त्याला वैराग्य म्हटले नसते, उपासमार म्हटले असते. व्रत ज्याचे त्यानेच धरायचे असते. सहा वर्षांच्या पोरीला अजून श्रेय कळत नाही, म्हणून तिच्या वतीने आपण निवडतो. एवढे रास्त आहे. पण दुसऱ्याच्या वतीने निवडणाऱ्याने त्याच पंक्तीला बसले पाहिजे, नाही का?

आमच्या घरी बेत काय होता पाहा. मुलांना फळे, आणि मोठ्या पाहुण्यांसाठी आतल्या खोलीत बर्फीचे ताट. दार लोटलेले. हा पंक्तिभेद नव्हे तर काय? आयुष्यभर कीर्तनातून पंक्तिभेदावर कोरडे ओढले आणि घरात तोच मांडला. त्यातही सर्वांत मोठा अपराधी मीच. मला मधुमेह होऊन अकरा वर्षे झाली. कीर्तनानंतर यजमान पेढ्यांचा पुडा देतात. मी त्यातला एक कपाळाला लावतो, आणि मग "प्रसादाला नाही म्हणू नये" म्हणत आणखी दोन. प्रसाद कणभर घेतला तरी प्रसादच असतो. पुढचे दोन ही जिभेची वकिली. सूनबाईला हे ठाऊक होते, ती मर्यादेने बोलली नाही. नात बोलली. "आबांना चालतं, मग मला का नाही?"

बर्फी सांगितली होती ती रद्द केली. माझा पुडाही त्या दिवसापासून बंद झाला. दोनदा मोडला, तेही लिहून ठेवतो.

मग काय केले? आपल्याकडे गोपाळकाला असताना बाहेर कशाला शोधायचे! आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो, सप्ताहाच्या शेवटी गावोगाव होतो. त्याला साखर लागते कुठे? नातीच्या मित्रमैत्रिणींना सांगितले, प्रत्येकाने घरून मूठभर काहीतरी आणा. कोणी ज्वारीच्या लाह्या आणल्या, कोणी पोहे, कोणी काकडी, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, ओले खोबरे. एकाने भाकरीचा कुस्करा आणला, त्याची आई संकोचली होती. तो सर्वांत आधी संपला. मोठ्या परातीत दही घालून पोरांनीच कालवले, कोपरापर्यंत हात बरबटले. बरोबर डाळिंबाचे दाणे, पेरूच्या फोडी, सीताफळे, ताक. सीताफळांच्या बिया कोण लांब टाकतो ह्याची शर्यत लागली; अंगणाचे काय झाले ते सांगत नाही. मोठ्यांनी त्याच परातीतले खाल्ले. दोन मुलांनी केक कधी येणार म्हणून विचारले. त्यांना खरे सांगितले की येणार नाही. एक रुसला, मग फुगड्या सुरू झाल्या तसा उठला.

तिन्हीसांजेला औक्षण झाले. हातावर चिमूटभर साखर ठेवली, त्यावर सूनबाईही काही म्हणाली नाही. मग तिळाचे, गुळाचे दूध. नातीने हात पुढे केले, मी पळीने अर्धी ओंजळ भरली. ती दोन घोटांत संपली. तिने रिकाम्या ओंजळीकडे पाहिले, माझ्या हातांकडे पाहिले, आणि म्हणाली, "आबा, पुढच्या वर्षी तुमच्या ओंजळीने मोजायचं."