उपवास आणि ज्याची त्याची प्रकृती

नवरात्रात माहूरगडी येणारे अनेक भाविक नऊ दिवस उपवास धरतात. घरातील सर्वांना एकच नियम लागू करावा काय? मधुमेही भाविकाची रक्तशर्करा साबुदाण्याने झपाट्याने वाढते. इन्सुलिन घेऊन निराहार पायऱ्या चढल्यास ती धोकादायक पातळीपर्यंत उतरते. (साबुदाण्याचा कंद तर मूळचा दक्षिण अमेरिकेतला, त्याचा एवढा आग्रह कशासाठी?) महाभारताच्या उद्योगपर्वात ज्यांनी व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत पाणी, कंदमुळे, फळे व दूध यांच्याबरोबर औषधही आहे. मग डॉक्टरांनी सांगितल्या वेळी रुग्णाने खाल्लेली ज्वारीची भाकरी औषधच नव्हे काय? आमच्या मते होय. अशा भाविकाने गड चढताना थोडी साखर जवळ ठेवावी; सोबत्यांनी त्यास व्रताबद्दल विचारू नये.