ऊन फुकट, पाणी कोणाचं?

हिंगोली जिल्ह्यात हळदीला पाणी द्यायचं तर वीज रात्रपाळीची. अंधारात साप-विंचवाची भीती. आता ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत १० टक्के हिस्सा भरला (अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के), की पाणी दिवसा. हा न्यायच आहे.

पण मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. एक अडथळा काढला की भार पुढे कुठे सरकतो, हे बघायची सवय. सारखी जाणारी वीज उपशाला नकळत लगाम घालत होती. तो लगाम सुटतोय. खाली मात्र काळा बेसाल्ट, पाणी फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरात. माझ्या विहिरीत शेजाऱ्याच्या रानाखालचंही पाणी येतं.

मग पंप नाकारायचा? नाही. शेतकऱ्याची झोपमोड करून पाणी वाचवणं हा उपाय नव्हे, आणि पुण्यात एसीत बसून मी तो सुचवणं तर निर्लज्जपणाच. लगाम आता आपण ठरवून घालायचा. नगरच्या हिवरे बाजारात ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवते, शेतीसाठी बोअरला बंदी आहे. पंपाच्या अर्जाइतकीच अशी ग्रामसभाही आपल्याकडे गरजेची आहे.